दाब दिसतो, प्रवाह दिसत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यात कपाशीला ठिबक बसवलेला शेतकरी दाबमापकाकडे कसा पाहतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फिल्टरच्या पुढे, म्हणजे शेताच्या बाजूला बसवलेल्या मापकाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला की तो शेतातल्या नळ्या तपासायला जातो. एखादी नळी दुमडली असेल किंवा तोट्या क्षारांनी बुजल्या असतील. काटा खाली आला तर तो उलट दिशेला, फिल्टरकडे आणि मोटारीकडे वळतो. दोन्ही प्रसंगी पिकाला मिळणारे पाणी कमीच झालेले असते. काटा मात्र एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो. किती पाणी वाहते आहे हे मापक सांगतच नाही. ते फक्त दाब सांगते. पाण्याचा हिशेब शेतकरी आपल्या डोक्याने करतो.

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाच्या हातातही नेमका हाच प्रश्न उभा असतो. नेरसारख्या तालुक्याच्या गावाहून अशा रुग्णाला डायलिसिससाठी (अपोहनासाठी) बहुधा यवतमाळची किंवा अमरावतीची वाट धरावी लागते, तीही आठवड्यातून दोन-तीनदा, आयुष्यभर. २०१२ साली महाराष्ट्रात सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आणि २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे उपचाराचा मोठा खर्च आता सरकार उचलते. पण यंत्र असले, पैसा असला, तरी रुग्णाच्या हातातून पुरेसे रक्त बाहेर आले नाही तर सगळेच थांबते. ते पुरेसे येते आहे का, आणि उद्याही येईल का, हे आधी कसे ओळखायचे? या प्रश्नाच्या उत्तराला सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपण शाळेत शिकवतो त्याच भौतिकशास्त्राचा आहे.

नऊ फुटांची काचेची नळी

रक्ताचा दाब मोजणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता. स्टीफन हेल्स हा इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक. झाडांच्या खोडात रस किती जोराने चढतो हेही त्याने मोजले होते. तशीच युक्ती त्याने प्राण्यांवरही वापरली. एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीतल्या धमनीत त्याने पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. रक्त नळीत चढत चढत ८ फूट ३ इंचांवर जाऊन हृदयाच्या ठोक्यांबरोबर खालीवर होऊ लागले. मानेतल्या शिरेला नळी जोडली तेव्हा रक्त त्या मानाने फारच थोडे चढले. हे प्रयोग १७३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

८ फूट ३ इंच म्हणजे सुमारे २५१ सेंटिमीटर. रक्ताचा १ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ पाऱ्याच्या सुमारे ०.७६ मिलिमीटर स्तंभाइतका दाब देतो. म्हणजे त्या घोडीचा दाब सुमारे १९० मिलिमीटर पारा होता. हा ०.७६ चा आकडा ध्यानात ठेवावा. तो पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

हेल्सच्या नळीत एक अडचण होती : रक्त गोठते, आणि नळी फार उंच लागते. या दोन्हींवर तोड काढली ती पॅरिसच्या ज्याँ प्वाझय याने. (आपल्या वर्गांत याचाच उच्चार ‘पॉइझ्युली’ असाही केला जातो.) १८२८ सालच्या आपल्या वैद्यकीच्या प्रबंधात त्याने यू आकाराच्या नळीत पारा भरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे उंच नळीची गरज उरली नाही. जोडनळीत पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण भरून त्याने रक्त गोठणे टाळले. आज रक्तदाब ‘मिलिमीटर पारा’ या एककात सांगितला जातो तो याच वळणामुळे.

चौथ्या घाताचा नियम

प्वाझयला एक आश्चर्य दिसले होते. हृदयाजवळच्या जाड धमनीत आणि दूरच्या बारीक धमनीत सरासरी दाब जवळपास सारखाच आढळत होता. शिरांमध्ये मात्र तो अगदी कमी. मग मधे हा दाब खर्ची पडतो कुठे? उत्तर अर्थातच अतिसूक्ष्म वाहिन्यांत असणार. तिथे मापक घालणे शक्य नव्हते, म्हणून त्याने केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यांतून दाबाखाली प्रामुख्याने पाणी सोडून मोजमापे केली. १८४० च्या आसपास निष्कर्ष हाती आले आणि १८४६ मध्ये सविस्तर छापले गेले. जर्मनीत हागेन यालाही १८३९ मध्ये स्वतंत्रपणे तसेच निष्कर्ष मिळाले होते.

नियम असा : नळीतून वाहणारा प्रवाह दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकाशी सम प्रमाणात, नळीच्या लांबीशी व्यस्त प्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घाताशी सम प्रमाणात असतो. चौथा घात ही साधी गोष्ट नव्हे. व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा होत नाही, एक-षोडशांश होतो. व्यास फक्त दहा टक्क्यांनी घटला तरी ०.९ चा चौथा घात ०.६५६, म्हणजे प्रवाह एक-तृतीयांशाने घटतो.

या नियमाच्या अटीही विद्यार्थ्यांना सांगायला हव्यात. नळी लांब, सरळ, ताठ आणि सगळीकडे सारख्या व्यासाची असावी. द्रवाचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकत जावेत, भोवरे नसावेत. माणसाच्या शिरा यांपैकी एकही अट पूर्णपणे पाळत नाहीत. तरी वाट अरुंद झाली की रोध वेगाने वाढतो, हा नियमाचा गाभा तिथेही खरा ठरतो.

यंत्र होते, वाट नव्हती

आता एक शतक पुढे येऊ. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन सैन्याने व्यापलेल्या नेदरलँड्समधल्या कांपेन या गावी विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टरने फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. पिंपावर सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळलेली होती. रक्त नळीतून फिरे आणि बाहेरच्या द्रावणात त्यातली टाकाऊ द्रव्ये विसरणाने उतरत. मार्च १९४३ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. ती २९ वर्षांची तरुणी होती. डायलिसिसने तिच्या रक्तातला युरिया उतरत होता, प्रकृतीत फरक पडत होता. पण दर वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे, आणि एकदा वापरलेली वाहिनी पुन्हा कामाची राहत नसे. बारा वेळा डायलिसिस झाल्यावर वापरण्याजोग्या वाहिन्याच उरल्या नाहीत. ती वाचली नाही.

म्हणून पुढची सतरा वर्षे डायलिसिस प्रामुख्याने तात्पुरत्या बिघाडासाठीच वापरले गेले. सर्पदंशानंतर कधीकधी मूत्रपिंडे बंद पडतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा चालू होतात; अशा रुग्णाला मोजक्या वेळा डायलिसिस करून तगवता येते. ज्याची मूत्रपिंडे कायमची गेली, त्याच्यासाठी मात्र हा मार्ग बंद होता. अडचण यंत्राची नव्हतीच. रक्तापर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचण्याची वाट नव्हती.

ती वाट १९६० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरी उघडली. बेल्डिंग स्क्रिब्नर आणि त्यांचे सहकारी वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनच्या दोन नळ्या रुग्णाच्या हातातल्या धमनीत आणि शिरेत कायमच्या बसवल्या. डायलिसिस नसेल तेव्हा त्या बाहेरच्या बाहेर एकमेकींना जोडून ठेवायच्या, म्हणजे रक्त वाहते राहील आणि गोठणार नाही. त्यांचा पहिला रुग्ण, एक यंत्रकामगार, त्यानंतर अकरा वर्षे जगला. पण कातडीबाहेर आलेल्या नळ्यांत जंतुसंसर्ग होई आणि रक्ताच्या गुठळ्याही अडकत.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया आणि सिमिनो यांनी वेगळा विचार केला. परकी नळी नकोच. मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला कातडीखालीच जोडली तर? शल्यचिकित्सक ॲपेल यांनी १९६५ मध्ये तशी पहिली शस्त्रक्रिया केली, आणि १९६६ मध्ये या चौघांचा (चौथे हर्विच) लेख प्रसिद्ध झाला. या जोडाला फिस्टुला म्हणतात. धमनीच्या दाबाखाली शीर काही आठवड्यांत फुगते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात पुन्हा पुन्हा सुया टोचता येतात.

विशेष म्हणजे असा जोड अपघाताने होतो हे २०० वर्षांपूर्वीच ठाऊक झाले होते. १७५७ मध्ये लंडनच्या विल्यम हंटर यांनी कोपराच्या खोबणीतून रक्त काढताना पाते शिरेतून आरपार धमनीत गेलेल्या रुग्णांचे वर्णन केले होते. तिथे हाताला एक थरथर लागते आणि कान लावला तर फुसफुस ऐकू येते, असे त्यांनी नोंदवले. जे हंटर यांच्यासाठी दुखण्याचे लक्षण होते, तेच आता फिस्टुला जिवंत असल्याचे लक्षण ठरले.

आकडे पाहिले म्हणजे या युक्तीची किंमत कळते. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला जेमतेम २० ते ३० मिलिलिटर रक्त वाहते. चांगला फिस्टुला मुरल्यावर तोच प्रवाह ६०० ते १००० मिलिलिटर किंवा त्याहूनही अधिक होतो. डायलिसिसचा पंप त्यातून मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर उचलतो. चार तासांत ७२ लिटर. शरीरात रक्त आहे सुमारे ५ लिटर, म्हणजे प्रत्येक थेंब सरासरीने चौदा फेऱ्या मारतो.

पण धमनीचा मारा सोसणाऱ्या शिरेची आतली भिंत हळूहळू जाड होते आणि वाट अरुंद होते. ज्यांच्या शिरा बारीक असतात त्यांना कृत्रिम नळी बसवतात. तिथे नळी शिरेला मिळते त्या जागी हे अधिक घडते. वाट अरुंद झाली की प्रवाह घटतो, प्रवाह मंदावला की एखाद्या रात्री रक्त गोठते, आणि सकाळी हाताला थरथर लागत नाही. मग मानेतल्या मोठ्या शिरेत तात्पुरती नळी, तिच्यातून होणारा जंतुसंसर्ग, नवी शस्त्रक्रिया, पुन्हा आठवड्यांची वाट. माणसाला हात दोनच असतात.

पंप चालू, पंप बंद

अरुंद होणे आधी कळले तर फुग्याच्या साहाय्याने ती जागा रुंद करता येते. म्हणून प्रश्न मोजमापाचा झाला. प्रवाह मोजणे अवघड. दाब मात्र यंत्राच्या पडद्यावर आयताच दिसत होता. डायलिसिस यंत्रात शरीराकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब सतत मोजला जातो. तो मुळात नळी सुटली किंवा अडली तर धोक्याची घंटा वाजावी म्हणून. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले श्वाब आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच आकड्याचा दुसरा उपयोग दाखवला. पंप मिनिटाला २०० मिलिलिटर या ठरावीक वेगाने चालवायचा आणि डायलिसिसच्या सुरुवातीलाच परतीचा दाब वाचायचा. तो पुन्हा पुन्हा १५० मिलिमीटरच्या वर येऊ लागला तर पुढे वाट अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. अशा रुग्णांची तपासणी करून वेळीच वाट रुंद केल्यावर रक्त गोठण्याचे प्रसंग कमी झाले.

यात एक मेख आहे, आणि ती प्वाझयच्याच नियमात दडलेली आहे. पंप चालू असताना वाचलेल्या दाबाचा मोठा वाटा सुईत खर्ची पडलेला असतो, कारण सर्वांत बारीक वाट तीच. सुईचा आतला व्यास दहा टक्क्यांनी लहान निघाला तर तेवढेच रक्त ढकलायला सुमारे दीडपट दाब लागतो. म्हणजे सोमवारी एक सुई, गुरुवारी दुसरी, आणि आकडा बदलला. फिस्टुला मात्र होता तसाच. रक्ताची श्यानता (चिकटपणा) बदलली तरी हेच.

यावरचा उपाय साधा होता : पंप बंद करा. प्रवाह नाही तर सुईत दाबाचा खर्चही नाही. १९९५ मध्ये अनातोल बेसाराब आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत तपासून मांडली. पंप थांबवायचा, मधली नळी चिमट्याने बंद करायची, अर्धा मिनिट थांबायचे आणि दाब वाचायचा. मापक मात्र हाताच्या वर, यंत्रावर असते. तेवढ्या उंचीचा रक्तस्तंभ हिशेबात धरायला हवा, आणि इथे हेल्सचा ०.७६ परत येतो. समजा मापकावर १२ मिलिमीटर दिसले आणि मापक हातापेक्षा ३० सेंटिमीटर उंच आहे. ३० गुणिले ०.७६ म्हणजे सुमारे २३. फिस्टुलातला खरा दाब १२ अधिक २३, म्हणजे ३५. रुग्णाचा धमनीतला सरासरी दाब ९५ असेल तर गुणोत्तर ३५ भागिले ९५, म्हणजे ०.३७. परतीच्या सुईजवळ हे गुणोत्तर कृत्रिम नळीत ०.५ च्या आणि स्वतःच्या शिरेच्या फिस्टुलात ०.३५ च्या आत असावे, असा ढोबळ दंडक पुढे ठरला.

गुणोत्तर नेमके काय सांगते?

विद्युत परिपथ शिकवणाऱ्या शिक्षकाला हे गुणोत्तर ओळखीचे वाटेल. एकसरीत जोडलेले दोन रोध घ्या. पहिला रोध धमनीचा आणि जोडाचा, दुसरा पुढच्या शिरेचा. एका टोकाला धमनीचा दाब, दुसऱ्या टोकाला हृदय, तिथे दाब जवळजवळ शून्य. आपण मधल्या बिंदूवरचे ‘विभवांतर’ मोजत आहोत. ते एकूण दाबाचा कितवा हिस्सा आहे, हे दुसऱ्या रोधाचा एकूण रोधातला वाटा सांगते. प्रवाह सांगत नाही.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. धमनीत दाब १००. पहिला रोध ०.०८, दुसरा ०.०२ (एकक : मिनिटाला एक मिलिलिटर वाहण्यासाठी लागणारा दाब). एकूण ०.१०, प्रवाह १०००, मधला दाब २०.

पुढची शीर अरुंद झाली आणि दुसरा रोध ०.०८ झाला : एकूण ०.१६, प्रवाह ६२५, मधला दाब ५०. मापकाने बरोबर इशारा दिला.

अलीकडे, जोडाजवळ अरुंद झाले आणि पहिला रोध ०.१८ झाला : एकूण ०.२०, प्रवाह ५००, मधला दाब १०. प्रवाह निम्म्यावर आला आणि दाबही उतरला. फक्त वाढलेल्या दाबाची वाट पाहणाऱ्याला हे अगदी उत्तम वाटेल.

दोन्हीकडे सारखेच अरुंद झाले, रोध ०.१६ आणि ०.०४ : एकूण ०.२०, प्रवाह ५००, मधला दाब २०. काटा हललाच नाही!

स्वतःच्या शिरेच्या फिस्टुलात आणखी एक पळवाट असते. शिरेला फाटे असतात. मुख्य वाट अरुंद झाली की रक्त फाट्यांनी निघून जाते, आणि दाब चढतच नाही. म्हणून दाबाची पद्धत फाटे नसलेल्या कृत्रिम नळीत बरी चालते, फिस्टुलात कमी.

प्रवाह थेट मोजला, पण...

१९९५ मध्येच निकोलाय क्रिवित्स्की यांनी प्रवाह मोजण्याची सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. डायलिसिस चालू असताना बाहेर नेणारी आणि परत आणणारी, अशा दोन नळ्यांची मुद्दाम अदलाबदल करायची. त्यामुळे परत आलेल्या रक्ताचा काही भाग लगेच पुन्हा यंत्रात ओढला जातो. परतीच्या नळीत थोडे सलाइन सोडले, की रक्त पातळ झाल्याचे ध्वनिलहरींच्या वेगावरून दोन्ही नळ्यांवरच्या संवेदकांना कळते. पुन्हा ओढले गेलेले प्रमाण ३० टक्के आणि पंपाचा वेग ३०० असेल, तर प्रवाह ३०० गुणिले (१ भागिले ०.३ वजा १), म्हणजे ७००. विरलनाच्या साध्या गणितावर उभे असलेले हे मापन आहे.

आता प्रश्न सुटला असे वाटावे. पण वैद्यकशास्त्रात ‘आधी कळले’ आणि ‘रुग्णाचे भले झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी स्वतंत्रपणे तपासावी लागते. २००४ मध्ये लॉरा डेंबर आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम नळीत दाबाचे गुणोत्तर वाढलेल्या ६४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून करतात तसे दोन गट केले. एका गटात वाट लगेच दुरुस्त केली, दुसऱ्यात फक्त लक्ष ठेवले. पहिल्या गटात गुठळ्या कमी झाल्या. पण नळीचे एकूण आयुष्य काही वाढले नाही. फुग्याने रुंद केलेली जागा पुन्हा अरुंद होत होती. प्रवाहमापनावर बेतलेल्या चाचण्यांतूनही एकमुखी कौल मिळाला नाही. म्हणून अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी कृत्रिम नळीसाठी असे नेमाने दाब किंवा प्रवाह मोजणे सुचवले नाही, आणि फिस्टुलासाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. भर दिला तो नियमितपणे, जाणत्या हाताने केलेल्या तपासणीवर.

हात हाच दाबमापक

हे वाचून कोणी म्हणेल की तीनशे वर्षांचे भौतिकशास्त्र वाया गेले. तसे नाही. हाताच्या तपासणीत तेच भौतिकशास्त्र आहे.

पहिली गोष्ट थरथर. चांगल्या फिस्टुलावर बोटे ठेवली तर मांजराच्या गुरगुरण्यासारखी अखंड थरथर लागते. प्रवाहाचे थर शांतपणे सरकत नाहीत, भोवरे होत आहेत, याची ती खूण. म्हणजे प्वाझयची अट मोडल्याचाच हा पुरावा, आणि भरपूर प्रवाहाशिवाय ती मोडत नाही. थरथर जाऊन नाडीसारखे ठोके लागू लागले तर पुढे अडथळा आहे, असे समजायचे.

दुसरी गोष्ट आवाज. स्टेथोस्कोपने ऐकल्यास आवाज सलग, खर्जातला असावा. तो तुटक आणि उंच पट्टीचा झाला तर वाट अरुंद झाली आहे. इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. रक्तदाब मोजताना आपण जे आवाज ऐकतो ते १९०५ मध्ये मांडणारे रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह हे युद्धात जखमी झालेल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करत होते. जखमी वाहिनीला कान लावण्याची सवयच त्यांना तिथपर्यंत घेऊन गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत सुंदर. रुग्णाला आडवे झोपवून फिस्टुलाचा हात सरळ वर उचलायचा. मनगट हृदयापेक्षा सुमारे ५० सेंटिमीटर उंच गेले, तर ५० गुणिले ०.७६ म्हणजे ३८ मिलिमीटर दाबाचा उतार तयार झाला. पुढची वाट मोकळी असेल तर रक्त उतरून जाते आणि फुगलेली शीर बसते. अडथळा असेल तर अडथळ्यापर्यंतची शीर टम्म राहते, आणि ती कुठपर्यंत टम्म आहे यावरून अडथळ्याची जागाही कळते. हेल्सने नऊ फुटांच्या काचेच्या नळीत जे पाहिले, तेच इथे रुग्णाच्या स्वतःच्या हातात दिसते.

यातले एकही काम महागड्या उपकरणाचे नाही. रोज सकाळी आणि रात्री बोटे ठेवून थरथर पाहणे हे रुग्ण किंवा घरचे कोणीही करू शकते. थरथर कमी वाटली तर पुढच्या पाळीची वाट पाहायची नाही, आणि ती लागलीच नाही तर त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर डायलिसिस केंद्र गाठायचे. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, तपासणीसाठी त्यातून रक्त काढू द्यायचे नाही, तो उशाखाली घेऊन झोपायचे नाही. यंत्रावरचा दाबही फुकट मिळतो. तो टाकून देऊ नये. ठरावीक पंपवेगाला, त्याच मापाच्या सुईला, दर वेळी वहीत लिहावा. एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये; चार-सहा आठवड्यांची चढण किंवा उतरण मात्र बोलकी असते, आणि ती दिसली की हाताने तपासावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

ठिबकचे साहित्य मिळते अशा कोणत्याही गावात हा प्रयोग करता येईल. बादलीच्या तळाशी जोड बसवून ती टेबलावर ठेवा. तिला सुमारे दीड मीटर लांबीची मऊ, पारदर्शक नळी आडवी जोडा. मधोमध टी-जोड बसवून त्यात एक पारदर्शक नळी उभी करा. हे आपले दाबमापक. बादलीत पाण्याची पातळी सतत सारखी ठेवा. नळीच्या टोकाशी बाटली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. हा आपला प्रवाह.

आता टी-जोडाच्या पुढे नळीला चिमटा लावा : उभ्या नळीतले पाणी चढेल, बाटली भरायला वेळ लागेल. चिमटा काढून टी-जोडाच्या मागे लावा : पाणी उतरेल, बाटलीला तरीही वेळ लागेल. शेवटी दोन्हीकडे चिमटे लावून ते असे आवळा की उभ्या नळीतले पाणी मूळ पातळीलाच राहील. मग मुलांना फक्त ती उभी नळी दाखवा, बाटली झाकून ठेवा, आणि विचारा : प्रवाह बदलला आहे का?

उत्तर वहीत लिहून झाल्यावर बाटलीवरचे कापड काढावे. मुलांपैकी कोणाच्या घरी डायलिसिसवर असलेले माणूस असेल तर त्याला त्या दिवशी घरी जाऊन हात लावून पाहण्यासारखे काहीतरी मिळालेले असेल.